खडकवासल्याच्या काठची सेप्टिक टँक ‘तपासणी’: उपसा चोख, तपासणी अर्धीच

सिंहगड रस्त्याने डोणजे, गोऱ्हे, खानापूरकडे निघालं की ‘सेप्टिक टँक साफ करून मिळेल’ अशा पाट्या भेटत राहतात. काहींवर ‘तपासणी’ हाही शब्द असतो. धरणाच्या पाण्याला लागून असलेले बंगले आणि फार्महाऊस ज्या सेवेच्या भरवशावर आहेत ती हीच: सक्शन गाडी, दोन माणसं, लांब पाइप आणि ‘तपासून पण देतो’ असं तोंडी आश्वासन. एकाच गाडीवाल्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, कामाची रीत बहुतेकांची सारखीच आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. उपशाला पाचपैकी चार, तपासणीला पाचपैकी दीड.

दीडच का, तर क्रम उलटा आहे. गाडी दारात लागली की ढापा उघडतात आणि लगेच पाइप सोडतात. बघता बघता टाकी रिकामी होते, मग आत टॉर्च मारून ‘भिंती चांगल्या आहेत’ असा शेरा मिळतो. पण टाकीची तब्येत कळते ती भरलेली असताना. पाण्याची पातळी हाच पहिला रिपोर्ट, आणि नेमका तोच गाडीने ओढून नेलेला असतो.

पातळी बघायला यंत्र लागत नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी पाणी बरोबर टेकलेलं असेल तर ठीक. त्याच्या वर चढलेलं असेल तर पुढचा शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पाणी घेत नाहीये. अशा वेळी टाकी उपसून थोडे दिवस आराम पडतो, दुखणं तसंच राहतं. आणि नुकताच उपसा झालेला नसताना पाणी पाइपच्या खाली उतरलेलं असेल, तर टाकी गळते आहे. धरणाकाठी हा तिसरा प्रकार सर्वांत वाईट, आणि गंमत अशी की मालक त्याचंच कौतुक सांगतात: ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही!’ अहो, सेप्टिक टँक कायम भरलेलीच असायला हवी. जितकं पाणी आत येतं तितकंच बाहेर पडतं, गाळ तेवढा मागे राहतो. कधीच न भरणाऱ्या टाकीला तळ नसतो किंवा असून फुटलेला असतो, आणि इथली जमीन धरणाकडे उतरते.

दुसरी गोष्ट गाळ मोजण्याची. ती अनेक गाडीवाल्यांना येते, पण मागितल्याशिवाय करत नाहीत. साधारण तीन मीटरचा बांबू किंवा पीव्हीसी पाइप घ्यायचा, खालच्या मीटरभर भागाला पांढरं जाडं फडकं घट्ट गुंडाळायचं आणि बाहेरच्या पाइपजवळच्या ढाप्यातून तळाला टेकेपर्यंत सावकाश सोडायचा. दोन-तीन मिनिटं थांबून तसाच सरळ वर काढायचा. फडक्यावर जिथपर्यंत काळे कण चिकटलेले दिसतात तिथपर्यंत गाळ. त्याच्या वर फडकं नुसतं करडं, ओलं असतं. वरची साय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तेलकट थर, मोजायला काठीच्या टोकाला आडवी फळी ठोकायची, ती सायीखाली नेऊन हलकेच वर ओढायची, खालून अडली की काठीवर खूण करायची. हातमोजे घालून, ढाप्यावर न वाकता करायचं हे काम दहा मिनिटांत उरकतं.

हे आकडे कशाशी ताडायचे? आयएस २४७० या १९८५ च्या भारतीय मानकात दहा माणसांच्या घरासाठी, दोन वर्षांनी उपसा धरून, दिलेली टाकी २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर अशी आहे. म्हणजे १,८०० लिटर. गाळ आणि साय मिळून खोलीच्या निम्म्यावर गेली की उपसा करायचा. या टाकीत ती रेषा ५० सेंटिमीटरची. माप २० भरलं तर गाडीला येण्याजाण्याचे पैसे द्या आणि परत पाठवा. उलट सहा माणसांचं घर शनिवार-रविवारी वीस पाहुण्यांना भाड्याने दिलं जात असेल तर दोन वर्षांचा हिशेब धरूच नका. माणसं वाढली की पाणी टाकीत थांबत नाही, गाळ बसायच्या आत पुढे ढकललं जातं. अशा घराची काठी दर सहा महिन्यांनी बुडवावी.

‘टाकी धुऊन चकचकीत करून देतो’ हे सेवेचं आवडतं वाक्य. ते नाकारावं. तळाशी निदान २५ मिलिमीटर गाळ विरजणासारखा ठेवावा असं मानकातच आहे. फिनेल, ॲसिड टाकून धुतलं तर जे जीवाणू काम करतात तेच मरतात. त्यानंतर जी ‘बॅक्टेरिया पावडर’ गळ्यात मारली जाते ती साध्या घरगुती टाकीला लागत नाही. मैल्यात जीवाणूंचा तुटवडा कधीच नसतो. आणि साचलेला गाळ कोणतीही पावडर नाहीसा करत नाही.

रिकाम्या टाकीत पाहण्यासारखं म्हणजे दोन्ही टोकांचे टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचे पाइपचे जोड. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या चार इंची पाइपला टाकीच्या आत टी हवा, त्याचा खालचा पाय पाण्यात सुमारे ३० सेंटिमीटर बुडलेला. गवंडी बाहेरच्या बाजूला सरळ पाइप ठोकून मोकळा होतो, किंवा टी असतो पण पाय कधीच गळून पडलेला. मग तेलकट साय थेट शोषखड्ड्यात जाते, तिथल्या मातीची छिद्रं बुजतात आणि दोष येतो खड्ड्यावर. हा टी बदलणं हे या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत स्वस्त काम. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा ५० मिलिमीटर खाली आहे का, टाकीतला वायू वर सोडणाऱ्या व्हेंट पाइपची डासजाळी जागेवर आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावं. २,००० लिटरच्या वरच्या टाकीत मधली भिंत असते, आत येणाऱ्या बाजूपासून दोनतृतीयांश लांबीवर. गाडीवाले बहुतेकदा पहिल्याच कप्प्याचा ढापा उघडतात. दुसराही उघडायला लावा.

आता शोषखड्डा. धरणाकाठी खरी तपासणी त्याचीच, आणि सेवेत तो येतच नाही. विचारलं तर ‘ते प्लंबरचं काम’. प्लंबरला विचारलं तर ‘ते गाडीवाल्याचं’. मानकाप्रमाणे खड्डा किमान ९० सेंटिमीटर व्यासाचा आणि पाइपच्या तोंडाखाली किमान १ मीटर खोल हवा, आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर लांब. जमीन पाणी कसं पिते याची चाचणी सोपी आहे: खड्ड्याच्या जागी आळं खणून रात्रभर भिजवायचं, दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघायचं. ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो. ३० ते ६० असेल तर खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर. ६० च्या पुढे जमिनीत सोडायचंच नाही, फिल्टर बांधायचा. काळ्या मातीत हा आकडा चटकन वर जातो.

पण इथे आपल्याकडचा एक पेच आहे. मुरुमाखाली भेगाळ काळा पाषाण लागला की पाणी भराभर उतरतं, मालक खूश होतो आणि गाडीवाला ‘एक नंबर खड्डा’ म्हणतो. मातीतून झिरपताना पाणी गाळलं जातं. दगडाच्या भेगेतून ते नुसतं वाहतं. अशा ठिकाणी १८ मीटर अंतर कागदावर पुरेसं असलं तरी भेग बोअरवेलकडे जात असेल तर त्या अंतराला अर्थ उरत नाही. शंका असेल तर युरानिन हा हिरवा रंग कमोडमधून सोडावा आणि पुढचे दोन दिवस ओढा, विहीर आणि पाण्याची कड सकाळ-संध्याकाळ बघावी. खाण्याचा रंग वापरू नये, तो वाटेतच विरतो. रंग दिसला नाही म्हणजे सगळं ठीक असं नव्हे, पण दिसला तर वाद संपला.

तपासणीचा मुहूर्तही चुकतो. बुकिंग होतात एप्रिल-मे मध्ये, पाहुणे यायच्या आधी. तेव्हा धरण खाली गेलेलं, जमीन तहानलेली. कुठलाही खड्डा पास होतो. तोच खड्डा ऑगस्टअखेरीस, धरण काठोकाठ असताना बघा. भूजल १.८ मीटरच्या आत वर येत असेल तर जमिनीखालचा खड्डा उपयोगाचा नाही. चर उंचवट्यात, भर घालून करावा लागतो. म्हणून मोजणी भाद्रपदात आणि उपसा दिवाळीनंतर, हा क्रम बरा. भर पावसात प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी पूर्ण रिकामी करणं तर धोक्याचंच: २,००० लिटरच्या रिकाम्या टाकीला भोवतालचं पाणी जवळपास दोन टनांच्या जोराने वर रेटतं. टाकी उचलली गेली की पाइपचे जोड तुटतात.

नियमांचं बोलायचं तर ते बांधकामाच्या वेळी कडक आणि नंतर ढिले. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, पुढच्या डोणजे-गोऱ्ह्याच्या पट्ट्यात परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. नकाशात टाकी दाखवावी लागते. विहिरीत किंवा प्रवाहात दूषित पाणी सोडायला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने बंदी आहे. पण घरोघर ठरलेल्या वर्षांनी कोणी येऊन टाकी बघेल, अशी घडी इथे बसलेली नाही. कॅनडात ओंटारियोमधल्या सिमको सरोवराच्या काठापासून १०० मीटरच्या आत असलेल्या घरांची मैलापाणी व्यवस्था दर पाच वर्षांनी तपासणं बंधनकारक आहे. तेवढ्या लांब कशाला, वाई नगरपालिकेने घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या चक्राने उपसायची पद्धत २०१८ मध्ये सुरू केली. वाईला जमतं ते पुण्याला पाणी पाजणाऱ्या धरणाच्या काठावर का जमू नये, हा प्रश्न रास्त आहे.

आता उपशाला चार गुण का, तर गाडीचं काम खरंच चांगलं होतं. पाइप लांब असतो, मागच्या बाजूची टाकीही पोचते, अंगणात सांडलवंड होत नाही. माणूस आत उतरत नाही, हे आता बहुतेक गाडीवाले स्वतःहून सांगतात. ‘तळाचं घट्ट झालंय, पोराला उतरवतो’ असं कोणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा. टाकीत विषारी वायू असतो आणि तो जास्त झाला की वासच येईनासा होतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काम सांगणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. घट्ट गाळावर पाणी मारून तो पातळ करायचा आणि पुन्हा ओढायचा. वेळ जातो, जाऊ द्यावा.

पाचवा गुण गेला तो गाडी पुढे कुठे रिकामी होते यावर. विचारलं की उत्तर गुळमुळीत येतं. मैलाशुद्धीकरण केंद्राऐवजी अंधारात ओढ्यात पाइप सोडला तर तुमच्या टाकीतला गाळ पैसे देऊन धरणात पोचवल्यासारखंच.

फोन करताना म्हणून आधीच ठरवून घ्या: ढापा उघडल्यावर पहिली दहा मिनिटं पाइप सोडायचा नाही, पातळीचा मोबाइलवर फोटो काढायचा, काठीने माप घ्यायचं, दोन्ही ढापे उघडायचे. पावतीवर गाडीचा नंबर, किती लिटर नेलं आणि कुठे रिकामं केलं हे लिहून हवं. निम्मे पैसे ती पावती हातात आल्यावर. या अटी ऐकून जो फोन ठेवतो त्याचा नंबर खोडा. जो ‘काठी तुमची की आमची?’ असं विचारतो त्याला बोलवा, आणि तो गेल्यावर कंपाउंडच्या भिंतीवर ढाप्यासमोर ऑइलपेंटने उपशाची तारीख आणि गाळाचं माप लिहून ठेवा.