नॅनो युरियाची बाटली: कपाशीवर एक हंगाम

जिंतूर तालुक्यात आमची दोन एकर कोरडवाहू कपाशी. 2023 च्या खरिपात युरियाची दोन पोती मागितली, तर दुकानदार म्हणाला, "ताई, सोबत बाटली घ्यावी लागंल." अर्ध्या लिटरची नॅनो युरियाची, म्हणजे पानांवर फवारायच्या पातळ युरियाची बाटली, 225 रुपये. पोतं 266 रुपये 50 पैशांचं. अशी गळ्यात मारलेली वस्तू मला पटत नाही, आजही नाही. पण पैसे मोजलेच होते, म्हणून नीट वापरून बघायचं ठरवलं.

बाटलीतले कण 20 ते 50 नॅनोमीटरचे, असं सांगतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. पानाच्या रंध्रांतून आत शिरावेत म्हणून मुद्दाम एवढे बारीक घडवलेले. कल्पना मला मनापासून आवडली, कारण त्या ऑगस्टात पावसानं तीन आठवड्यांवर ओढ दिली होती. ओल नसलेल्या मातीत युरिया टाकून कपाशीला काय मिळणार? द्यायचं तर पानातूनच.

पाते, म्हणजे कपाशीच्या कळ्या लागताना, सकाळी दव वाळल्यावर फवारलं. पंधरा लिटरच्या चार्जिंग पंपाला 60 मिली. कपाशीची चार तासं, म्हणजे चार ओळी, न फवारता तशीच सोडली. त्यांच्या शेजारच्या चार तासांवर साधाच युरिया मारला, पंपाला 300 ग्रॅम, म्हणजे 2 टक्के.

आठव्या दिवशी नॅनोच्या तासांचा पिवळेपणा गेलेला. साध्या युरियाच्या तासांचाही तेवढाच. काही न सांगता मामंजींना बांधावर उभं केलं. त्यांना न फवारलेली चार तासं लगेच ओळखू आली, बाकीच्या दोन्हींत फरक सांगता आला नाही.

मग रात्री वही घेऊन बसले. नॅनोचा एक पंप 27 रुपयांना पडला, त्यात नत्र अडीच ग्रॅमही नाही. साध्या युरियाचा पंप दोन रुपयांच्या आत, नत्र 138 ग्रॅम. एवढ्याशा नत्रानं पान हिरवं झालं याचं कौतुक आहेच, पण मला पंचवीस रुपये जास्त मोजावे लागले.

"एक बाटली म्हणजे एक पोतं" असं विकणारे सांगतात, ते मात्र कुणी ऐकू नका. 4 टक्क्यांच्या बाटलीत नत्र 20 ग्रॅम, 45 किलोच्या पोत्यात 20 किलो 700 ग्रॅम. पानातून कितीही चांगलं लागू झालं तरी हजारपटीची ही तूट भरत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या गहू-भाताच्या प्रयोगातही उत्पादन घटलेलंच दिसलं. आमच्या जाऊबाईंनी बाटलीच्या भरवशावर सप्टेंबरातला मातीतला युरियाचा हप्ता चुकवला आणि वेचणीला त्यांच्या झाडांवर बोंडं विरळ होती.

एक सोय खरी: बाटली पिशवीत घालून एसटीनं आणता येते, पोत्याला गडी नाहीतर टेम्पो लागतो. एकटीनं शेती बघणाऱ्या बाईला याची किंमत कळते. पाचपैकी दोन तारे देते.

आता 20 टक्के नत्राची बाटली आली आहे. यंदा तीही साध्या युरियाच्या शेजारीच चार तासांवर मारणार, आणि बांधावर मामंजींनाच उभं करणार.