विभाजी ऊतींच्या काचपट्ट्यांचा संच : छेद उत्तम, पुस्तिका अपुरी

वनस्पतीची वाढ जिथून सुरू होते ती जागा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता यावी, म्हणून मी विभाजी ऊतींच्या, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींच्या समूहांच्या, सहा तयार काचपट्ट्यांचा हा संच घेतला. त्यात कोलियस या शोभेच्या झाडाच्या शेंड्याचा उभा छेद, कांद्याच्या व मक्याच्या मुळांच्या टोकांचे उभे छेद, लिंडन या वृक्षाच्या एक आणि तीन वर्षे वयाच्या खोडांचे आडवे छेद आणि लिलीच्या कळीचा आडवा छेद आहे. सोबत एक छोटी पुस्तिका मिळते. दोन सत्रे वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की छेद घेण्याचे आणि रंगवण्याचे काम मन लावून केलेले आहे, परंतु त्या छेदांत काय पाहायचे हे पुस्तिका पुरेसे सांगत नाही आणि एका महत्त्वाच्या बाबतीत ती चुकीचे सांगते.

कोलियसची काचपट्टी ही या संचातील सर्वांत मोलाची वस्तू आहे. सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीन यांनी रंगवलेल्या या छेदात टोकाचा घुमट, त्याच्या दोन्ही बाजूंना उगवणारी सर्वांत कोवळी पाने आणि थोडे खाली, मोठ्या पानांच्या बगलेत, कळ्यांचे लहान उंचवटे स्वच्छ दिसतात. मोठ्या भिंगाखाली घुमटावरील पेशींचे दोन थर विटांच्या ओळींसारखे सलग जाताना दिसतात, कारण त्यांतील पेशी मुख्यतः पृष्ठभागाला काटकोनात भिंत घालून विभागतात. त्याखालच्या पेशी मात्र कोणत्याही दिशेने विभागतात, म्हणून तिथे ओळी मोडतात. 1924 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ श्मिट यांनी याच फरकावरून बाहेरील थरांना ट्यूनिका आणि आतील गाभ्याला कॉर्पस अशी नावे दिली. हा फरक इतक्या सहज दाखवणारी तयार काचपट्टी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

पुस्तिकेची चूक नेमकी इथेच आहे. घुमटाच्या अगदी माथ्यावरच्या पेशी सर्वांत वेगाने विभागतात, असे तिच्यात छापले आहे. प्रत्यक्षात माथ्याच्या मध्यभागातील मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर सर्व पेशी बनतात त्या, स्टेम सेल) संथपणे विभागतात आणि वेग असतो तो बाजूच्या पट्ट्यात, जिथे पाने आकार घेतात. हा तपशील किरकोळ नाही, कारण अवयव सतत घडत असतानाही घुमट संपून का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर कामाच्या या वाटणीत दडलेले आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी अभ्यासल्या जाणाऱ्या लहान रोपात मूलपेशींच्या खालच्या पेशींच्या गटात वुशेल हे जनुक काम करते. त्याचे प्रथिन वर सरकून मूलपेशींना मूलपेशी म्हणून टिकवते आणि त्यांच्यात क्लॅव्हाटा-3 हे जनुक चालू करते, तर क्लॅव्हाटा-3 पासून बनणारे छोटे पेप्टाइड खाली येऊन वुशेलला आवर घालते. वुशेल बिघडले तर घुमट लवकरच संपतो. क्लॅव्हाटा बिघडले तर तो फुगत जातो आणि फुलांत जास्तीचे अवयव येतात. हे सारे चार वाक्यांत सांगता आले असते, आणि मग विद्यार्थ्याने तोच छेद वेगळ्या नजरेने पाहिला असता.

पानांच्या मांडणीबद्दलही पुस्तिका गप्प आहे. कोलियसची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीशी काटकोन करते, त्यामुळे एका छेदात एक सोडून एक जोडीच दिसते. हे न सांगितल्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांनी मधल्या जोड्या तुटून पडल्या असाव्यात असा तर्क केला. त्यांचा दोष नव्हता. नवे पान कुठे उगवेल हे ऑक्सिन हे वनस्पती-संप्रेरक कुठे साठते यावर ठरते: पिन-1 हे वाहक प्रथिन ऑक्सिन एका बिंदूकडे वळवते, तिथे उंचवटा येतो आणि भोवतालचे ऑक्सिन ओढले गेल्याने पुढचे पान दूर जागा शोधते. पिन-1 निकामी असलेल्या रोपाचा फुलोरा सुईसारखा उघडा राहतो, पण त्याच्या टोकाच्या बाजूला ऑक्सिनचा थेंब ठेवला की तिथे अवयव फुटतो. माझ्या मते या विषयातील इतका बोलका प्रयोग दुसरा नाही.

मुळांच्या दोन काचपट्ट्यांपैकी कांद्याची पट्टी पेशीविभाजनाच्या अवस्था पाहण्यासाठी चांगली आहे आणि तिच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. मक्याची पट्टी मात्र सावकाश पाहावी. मूलटोपीच्या (मुळाच्या टोकावरील संरक्षक आवरणाच्या) लगेच वर, जिथे विभाजनांची गर्दी असेल असे वाटते तिथेच, विभागणाऱ्या पेशी जवळजवळ सापडत नाहीत. हे शांत केंद्र वनस्पतिशास्त्रज्ञ क्लाउज यांनी 1950 च्या दशकात मक्याच्या मुळांवर काम करून दाखवून दिले. मूलटोपी काढून टाकली, तर याच पेशी विभागू लागतात आणि नवी टोपी घडवतात.

लिंडनच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की ऊतककराचे, म्हणजे खोडाची जाडी वाढवणाऱ्या विभाजी थराचे, काम स्पष्ट होते: आत जलवाहिन्यांची वर्षागणिक वाढणारी वलये आणि बाहेर रसवाहिन्यांचा त्यामानाने पातळ भाग. लिलीच्या कळीचा छेद सुंदर आहे, सहा परिदले (पाकळ्यांसारखी दले), सहा पुंकेसर आणि मध्ये तीन कप्प्यांचा अंडाशय दिसतो. पण विभाजी ऊतींच्या संचात तो का ठेवला याचा खुलासा हवा होता. फुलात अगॅमस हे जनुक अखेरीस वुशेल बंद करवते, म्हणून मध्यभागी अंडाशय येतो आणि वाढ थांबते. ते जनुक नसलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या फुलात पाकळ्यांच्या आत पुन्हा पाकळ्या येत राहतात.

शेवटची तक्रार दर्जातील सातत्याची आहे. मी मागवलेल्या दुसऱ्या संचातील कोलियसचा छेद मध्यातून गेलेला नव्हता, त्यामुळे घुमट दिसण्याऐवजी नुसते पानांचे तुकडे दिसत होते. घुमटाची रुंदी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी आणि काप साधारण 10 ते 12 मायक्रोमीटर जाडीचा असल्यामुळे एका शेंड्यातून खरे मध्यछेद मोजकेच निघतात, हे मान्य आहे. तरीही पाठवण्यापूर्वी प्रत्येक पट्टी तपासायला हवी आणि चिठ्ठीवर छेदाची जाडी व दिशा लिहायला हवी. विक्रेत्याने ती पट्टी विनातक्रार बदलून दिली. सदोष पट्टी मी परत मागितली आणि ठेवून घेतली आहे; आता चांगल्या छेदाच्या आधी मी तीच सूक्ष्मदर्शकाखाली लावते आणि घुमट कुठे असायला हवा होता ते विद्यार्थ्यांना शोधायला सांगते.