फाओस्टॅट : आफ्रिका आणि युरोपचे पीकक्षेत्र ताडून पाहताना

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे 'फाओस्टॅट' हे आकडेवारीचे संकेतस्थळ कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि त्याच्या जमीनवापर विभागात १९६१ पासूनची वर्षवार माहिती मिळते. दोन खंडांच्या लागवडीखालील जमिनीची तुलना करण्यासाठी ही सेवा कितपत भरवशाची आहे, हे मी आफ्रिका आणि युरोप यांची आकडेवारी शेजारीशेजारी मांडून तपासले. सेवा उत्तम आहे, मात्र ती डोळे झाकून वापरण्याजोगी नाही.

निवडीच्या पानावर प्रत्येक प्रदेश दोनदा येतो. अधिक चिन्ह असलेली नोंद म्हणजे त्या प्रदेशाची एकूण बेरीज आणि बाणासारखे चिन्ह असलेली नोंद म्हणजे देशांची यादी. नवखा माणूस हमखास दुसरीवर टिचकी मारतो आणि एका रेघेऐवजी पन्नासेक देशांच्या रांगा पदरात घेतो. आकडे हजार हेक्टरमध्ये असतात, हेही आधीच पाहून ठेवावे. उतरवून घेतलेली फाइल मात्र नीटनेटकी असते आणि स्प्रेडशीटमध्ये लगेच उघडते.

आलेखाची सुरुवात सरळ आहे. १९६१ मध्ये आफ्रिकेचे पीकक्षेत्र १७ कोटी हेक्टरच्या आसपास होते आणि युरोपचे त्याच्या दुपटीहून अधिक. अलीकडच्या वर्षांत दोन्ही रेघा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या आहेत. आफ्रिकेची वाढ समजण्यासारखी आहे, कारण लोकसंख्या झपाट्याने वाढली, हेक्टरी उत्पादन त्या मानाने वाढले नाही आणि जास्त धान्यासाठी नवी जमीन नांगराखाली आणावी लागली.

युरोपच्या रेघेत १९९२ ला जी पायरी दिसते, तिच्यावर मात्र थांबायलाच हवे. १९९१ पर्यंत संपूर्ण सोव्हिएत संघ युरोपात मोजला जात होता. विघटनानंतर मध्य आशियातील पाच आणि कॉकेशसमधील तीन देश आशियाच्या खात्यात गेले. एकट्या कझाकस्तानची शेतजमीन तेव्हा साधारण साडेतीन कोटी हेक्टर होती, आणि तिचा मोठा भाग १९५४ पासूनच्या पडजमीन मोहिमेत, म्हणजे सोव्हिएत सरकारच्या पडीक जमीन लागवडीखाली आणण्याच्या मोहिमेत, नांगरला गेला होता. ती जमीन होती तिथेच राहिली, बदलले ते फक्त खाते. सामूहिक शेती कोलमडल्यावर रशियात मोठी जमीन पडीक पडली हे खरे, पण ही खरी घट आणि कागदावरची घट वेगळी काढण्याचे काम वाचकालाच करावे लागते. शिवाय रशिया अजूनही पूर्णपणे युरोपातच मोजला जातो, त्यामुळे सैबेरियातील अल्ताईचा गहूही युरोपच्या बेरजेत येतो. म्हणून या दोन खंडांची तुलना १९९२ पासून सुरू करणेच शहाणपणाचे, किंवा आधीची वर्षे हवीच असतील तर १९९२ पासूनच्या आकड्यांत ते आठ देश स्वतः युरोपात मिळवावेत.

दुसरी अडचण व्याख्येची आहे. येथील पीकक्षेत्रात हंगामी पिकांच्या जमिनीबरोबर फळबागा, कॉफी, कोको अशी बहुवार्षिक पिके येतात आणि पाच वर्षांपेक्षा कमी काळ पडीक असलेली जमीनही धरली जाते. वर्षातून दोनदा पीक घेतले तरी जमीन एकदाच मोजतात. आपल्याकडच्या एकूण पिकाखालील क्षेत्राची सवय असलेल्याने हे आकडे निव्वळ क्षेत्राच्या जवळचे समजावेत.

प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असते, आणि मला या सेवेत सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. 'ए' म्हणजे देशाने दिलेला अधिकृत आकडा, 'ई' म्हणजे अंदाज. आफ्रिकेतील कित्येक देशांत फिरती शेती असल्याने आणि शेतीगणना क्वचितच होत असल्याने अंदाजाचे आकडे बरेच भेटतात. तरी दिशा चुकीची नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या उपग्रहाधारित अभ्यासातही २००३ ते २०१९ या काळात जगाचे पीकक्षेत्र ९ टक्क्यांनी वाढल्याचे आणि त्यात आफ्रिकेचा वाटा मोठा असल्याचे दिसले. त्या अभ्यासातील जागतिक बेरीज फाओस्टॅटपेक्षा बरीच कमी आहे, कारण त्यात बागा आणि झाडांची बहुवार्षिक पिके धरलेली नाहीत. त्यामुळे एकाच तक्त्यात दोन्ही स्रोतांचे आकडे मिसळू नयेत.