पर्माकल्चर कार्यशाळेनंतरचं वर्ष: काळ्या मातीतल्या सांदवाडीचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत वर्ध्याजवळच्या एका शेतावर घरच्या बागेसाठी पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या रीतीने पाणी, माती आणि झाडं यांची मांडणी करण्याच्या पद्धतीची, निवासी कार्यशाळा केली. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी संपली. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आपल्याकडे बागेचा कस लागतो तो मे महिन्यात, आणि नंतर जुलैच्या झडीत. ते दोन्ही निघून गेले, आता वाफ्यात मेथी आणि सांबार (कोथिंबीर) उभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. घरामागे सांदवाडी, म्हणजे परसबाग; जमीन काळी भारी, पाणी विहिरीचं आणि मार्चनंतर हात राखून वापरायचं.

आधी निकाल सांगते: जरूर जा. पण तिथे दाखवलेलं सगळं जसंच्या तसं घरी आणू नका, विशेषतः माती काळी असेल तर.

कार्यशाळेत सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाणी अडवण्यावर. दोन बांबू, एक आडवी काठी आणि मधोमध दोरीला बांधलेला दगड, एवढ्यावर ए-फ्रेम तयार होते. ती उतारावर पावलापावलाने फिरवून समपातळीच्या खुणा करायच्या आणि त्या रेषेवर चर खोदायचा. हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलं, त्यामुळे ते डोक्यात पक्कं बसलं. पण ते शेत होतं बरड, मुरमाचं. चरात ओतलेलं पाणी बघता बघता जिरलं. आमच्यातल्या एका शेतकरी काकांनी तिथेच विचारलं, "दादा, आमच्या काळ्या रानात हे पानी जिरन का?" शिकवणाऱ्या दादांनी प्रश्न टाळला नाही. घरी हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा, आणि दुसऱ्या भरण्याचं पाणी किती वेळ राहतं ते पाहा, असं सांगितलं. पूर्ण कार्यशाळेतली माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

घरी खड्डा भरला. पहिलं पाणी भेगांमधून झटक्यात गेलं. दुसरं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच, वर पातळ साय धरलेलं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, भेगा मिटतात, मग पाणी खाली जायला वाटच उरत नाही. अशा जागी भाजीशेजारी चर खोदून पाणी साठवलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि झाडं पिवळी पडतात. सोयाबीन आपण बीबीएफने, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडणाऱ्या यंत्राने, रुंद वरंब्यावर पेरतो ते याचसाठी. म्हणून आम्ही पावसाळ्यासाठी वीतभर उंच गादीवाफे केले आणि मधल्या सऱ्यांचं पाणी खालच्या अंगाला, लिंबाच्या झाडापलीकडे काढून दिलं. झडीत शेजारची मिरची बसली, आमची तगली. उन्हाळ्यात उलट: तेव्हा वाफे खोलगट हवेत, म्हणजे दिलेलं पाणी तिथेच राहतं. हा ऋतूप्रमाणे बदल कार्यशाळेत ओझरता आला. विदर्भात शिकवताना तो मुख्य धडा असायला हवा.

दुसरी मोठी गोष्ट आच्छादन. सोयाबीनचं कुटार वाफ्यावर पसरायला लागले तेव्हा सासूबाई बघत उभ्या राहिल्या. "काऊन वं, मातीले पांघरून घालून राह्यली का?" मे महिन्यात त्यांनीच एका दुपारी कुटार बाजूला सारून खाली बोटं घातली. वर अंगण पाय ठेववत नाही इतकं तापलेलं, आणि कुटाराखालची माती गार, ओलसर, भेग एकही नाही. त्यानंतर कुटार गोळा करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पाणी निम्म्याने वाचलं वगैरे मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही. पण एक दिवसाआड द्यावं लागणारं पाणी वांग्याला तीन-चार दिवसांनी पुरायला लागलं.

इथे एक सावधगिरी, जी कार्यशाळेत कुणी सांगितली नाही. "मिळेल तो सुका पालापाचोळा वापरा" असं तिथे शिकवतात. आपल्याकडे मिळेल तो म्हणजे पराट्या, कपाशीची वाळलेली झाडं. त्यांच्यावरच्या उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. घराला लागून वावर असेल तर पराट्या आच्छादनाला नकोतच. त्यांचा बारीक चुरा करून कंपोस्टच्या गरम ढिगात घाला. तुराट्या चालतात. उधईचा (वाळवीचा) त्रास असेल तर आच्छादन खोडापासून चार बोटं लांब ठेवायचं आणि पावसाळ्यात थर पातळ करायचा.

कंपोस्टचा ढीग मात्र अगदी उत्तम शिकवला. सुकं आणि ओलं यांचा थरावर थर, कमरेइतकी उंची, आणि मध्ये खुपसलेली लोखंडी सळई. रविवारी सकाळी ती सळई ओढून प्रत्येकाच्या हातात दिली. चटका बसला. ढीग "शिजतो" म्हणजे काय हे त्या एका चटक्यात समजलं.

मोरीच्या पाण्यावर केळीचा खड्डा हाही आमच्याकडे टिकला. छातीएवढा रुंद, गुडघाभर खोल खड्डा, आत पालापाचोळा, काठावर केळी, पपई आणि धोपा (अळू). धोप्याची वडी या पावसाळ्यात घरच्या पानांची झाली. फक्त कपडे धुतल्याचं पावडरचं पाणी आम्ही त्यात सोडत नाही. त्यातल्या सोडियमने काळी माती आणखी चिकट, घट्ट होते. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जातं, भांडी राखेने घासतो.

मडका सिंचन छान चालतं, पण मडकं कोरं हवं. पिण्याच्या जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, तो झिरपत नाही. कुंभाराकडून कमी भाजलेली गाडगी घेतली, दोडक्याच्या वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरली, वर झाकणी ठेवली.

जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाचं, प्रात्यक्षिक थोडक्यात उरकलं, आणि ते ठीकच. ज्यांनी ते घराघरांत पोचवलं ते सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातलेच, त्यामुळे आपल्याकडे ते कुणाला नवं नाही. सांदवाडीपुरतं हवं तर १० लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून ढवळायचं.

जे आवडलं नाही तेही लिहिते. शनिवारची अख्खी दुपार कागदावर झोन, म्हणजे घरापासूनच्या अंतराप्रमाणे जागेचे पट्टे, आखण्यात गेली. घरामागच्या छोट्या जागेला त्याची तेवढी गरज नाही. दगडांची गोल वनस्पती-चक्री, म्हणजे गोल फिरत वर चढणारा वाफा, फोटोत सुंदर दिसते, मे महिन्यात तिचे दगड तापून आतला पुदिना वाळतो. आणि वानरांबद्दल एक शब्द नाही! आमच्याकडे टोळी येते, पपई आणि मुनग्याचे (शेवग्याचे) कोंब उरत नाहीत. हळद, सुरण आणि मिरचीला ती हात लावत नाहीत, म्हणून आम्ही कडेने तीच लावली आणि पालेभाजी घराच्या अगदी जवळ आणली. हे आम्हाला गावातल्या म्हाताऱ्या बायांनी सांगितलं. अशा एखाद्या बाईला कार्यशाळेत शिकवायला बोलवावं, अशी माझी आयोजकांना मनापासून विनंती आहे.

एक गैरसमज होऊ नये म्हणून: ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७० च्या दशकात जी पद्धत मांडली, तिचा रीतसर डिझाइन कोर्स ७२ तासांचा असतो. ही छोटी कार्यशाळा म्हणजे तो कोर्स नाही. नाव नोंदवण्याआधी फोन करून विचारा: शेताची माती कोणती, किती वेळ प्रत्यक्ष हातात कुदळ असेल, आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा बोलावता का. आमच्या आयोजकांनी मे महिन्यात बोलावलं नव्हतं. बाग उन्हात कशी उभी आहे हे तेव्हाच बघायचं होतं. जाताना स्वतःच्या सांदवाडीतली ओंजळभर माती पिशवीत बांधून न्या, तिथल्या मातीशेजारी ठेवा आणि दोन्हींवर पाणी ओतून दाखवायला सांगा.