त्सो कारच्या वाळूसाठी घेतलेला हवेचा पंप

लडाखच्या प्रवासासाठी आम्ही बऱ्याच वस्तू विकत घेतल्या. त्यांतील निम्म्या पिशवीतून बाहेरही निघाल्या नाहीत. ज्या एका वस्तूने आपली किंमत पुरेपूर वसूल केली, ती म्हणजे २,८०० रुपयांचा, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा हवा भरण्याचा पंप. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण त्याच साच्यातले पंप बाजारात चार-पाच नावांनी मिळतात आणि फरक बहुधा वरच्या स्टिकरचाच असतो. शिवाय पुढे त्याचे दोषही सांगायचे आहेत.

लेह-मनाली रस्त्यावर डेब्रिंगजवळून आत वळले की सुमारे ४,५३० मीटर उंचीवरचे त्सो कार हे खाऱ्या पाण्याचे सरोवर लागते. नावाचा अर्थ पांढरे सरोवर, आणि काठावर साचलेले मीठ पाहिले की तो वेगळा सांगावा लागत नाही. काठाजवळच्या कच्च्या वाटांवर मधूनच भुसभुशीत वाळूचे पट्टे येतात. कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर गाडी रुतली तर तासाभरात कोणीतरी ट्रॅक्टर घेऊन येतो, मनाला येईल तो भाव सांगतो आणि आपण तो मुकाट्याने देतो. येथे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो आणि पुढची गाडी कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून रुतल्यावर काय करायचे यापेक्षा रुतायचेच नाही, याची तयारी करणे भाग असते.

आता हवा भरण्याच्या पंपाचा वाळूशी काय संबंध, असे कोणी विचारील. वाळूत जाताना टायरमधली हवा कमी करावी लागते. डांबरी रस्त्यावर ३३ पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाबाचे टायर ठीक असते, पण वाळूत ते सुरीसारखे खाली कापत जाते. तोच दाब १८ ते २० वर आणला की टायर जमिनीवर पसरते, रुंदीपेक्षा लांबीला अधिक, आणि गाडीचे वजन मोठ्या जागेवर वाटले जाऊन चाक वाळूवर तरंगल्यासारखे चालते. हे बहुतेकांनी ऐकलेले असते, पण प्रत्यक्षात हवा सोडण्याचे धाडस होत नाही, कारण सोडलेली हवा परत भरायची कुठे हा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे उत्तर डिकीत असले, तरच माणूस व्हॉल्व्हच्या टोपीला हात लावतो. या पंपाचे खरे मोल मला तेथे वाटते.

उंचीवर दाबमापकाचे आकडे कसे फसवतात, हेही या निमित्ताने कळले. मापक टायरमधला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतो. पुण्याच्या तुलनेत त्सो कारला बाहेरचा दाब पाच पीएसआयहून थोडा अधिक कमी असतो, म्हणून पुण्यात ३३ भरलेले टायर, तापमान तेच राहिले तर, तेथे ३८ च्या पुढे दाखवील. थंडी त्यातले काही परत घेते, कारण तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की साधारण एक पीएसआय उतरतो. सप्टेंबरच्या अखेरच्या त्या सकाळी आमचे मापक ३६ दाखवत होते. पेट्रोल पंपावरच्या मुलाने ‘लांब जायचंय ना साहेब’ म्हणत प्रेमाने चाळीस भरून दिलेली गाडी घेऊन कोणी थेट या वाळूत उतरला, तर काय होईल याचा अंदाज करावा.

अंदाज करण्याची गरज पडली नाही, कारण तसे एक उदाहरण समोरच उभे होते. वाटेवरच्या पहिल्या मोठ्या पट्ट्यात दिल्लीहून स्वतःची एसयूव्ही घेऊन आलेले एक कुटुंब अडकले होते. पुढची चाके जागच्या जागी फिरवून त्यांनी गाडी पोटापर्यंत वाळूत टेकवली होती. आम्ही आमची गाडी अलीकडच्या कडक जमिनीवर थांबवली आणि पट्टा आधी पायी चालून पाहिला. टाच घोट्यापर्यंत बुडत होती. हवा का सोडली नाही, असे विचारल्यावर त्या गृहस्थांनी अगदी अपेक्षित उत्तर दिले: पंप नाही, मग भरणार कशी?

त्यांच्या चारही टायरांतली हवा १८ पर्यंत उतरवली, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढली, ट्रॅक्शन कंट्रोल बंद केले आणि गाडी आलेल्या चाकोरीतूनच हळूहळू मागे घेतली. ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरताच इंजिनाची ताकद कापते आणि वाळूत नेमकी तीच हवी असते. आमची गाडी २० पीएसआयवर, दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता आणि स्टीअरिंग झटक्याने न वळवता पट्ट्यापार गेली. पुढच्याच चाकांना ओढ असलेली साधी गाडी आहे, हे मुद्दाम सांगतो. त्यांचीही मग तशीच आली. दाब १५ च्या खाली मात्र नेऊ नये, कारण वळणावर टायरची कड रिमवरून सुटण्याची भीती असते.

त्यानंतर पंपाची खरी परीक्षा झाली, आणि ती एका बैठकीत आठ टायरांची झाली. पुण्यात २० वरून ३३ वर यायला चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागत असे. येथे जवळजवळ आठ मिनिटे लागली. पंपात दोष नव्हता. हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक दट्ट्यासरशी आत जाणारा ऐवज कमी. माहितीपत्रकाप्रमाणे दहा मिनिटे चालवून दहा मिनिटे विश्रांती द्यावी लागते, तेव्हा आठ टायरांना दोन तासांहून अधिक वेळ गेला. तेवढ्यात चहा झाला, दिल्लीकरांचे लाडू झाले, आणि मुलांना दूरवर काळ्या मानेच्या क्रौंच पक्ष्यांची जोडीही दिसली.

आता दोष. नळी जेमतेम दोन वितींची असल्याने पंप चाकाला चिकटूनच, म्हणजे वाळूतच ठेवावा लागतो. आम्ही खाली पायपुसणे घातले. वायर तीन मीटरची आहे, ती आमच्या मागच्या चाकांना कशीबशी पुरली, पण त्या लांब एसयूव्हीसाठी डिकीतले सॉकेट वापरावे लागले. नळीचे पितळी टोक आट्यांचे असून इतके तापते की बोटे भाजतात, आणि ते सोडवताना एखादा पीएसआय निसटतोच. पंपावरचे मापक चालू असताना दोन पीएसआय जास्त दाखवते; तीनशे रुपयांचे पेनासारखे वेगळे मापक जवळ नसते तर आम्ही फसलो असतो. इंजिन चालू ठेवून वापरावा, आणि सॉकेटचा एक फ्यूज जादा ठेवावा.

याच प्रवासासाठी ४,५०० रुपयांना घेतलेल्या, चाकाखाली सरकवायच्या प्लास्टिकच्या दातेरी पट्ट्यांविषयी मत देता येत नाही, कारण त्या उघडाव्याच लागल्या नाहीत. छतावर मात्र त्या फार रुबाबदार दिसतात.

वाळू सोडून जेथे पांढरी खपली दिसते, तेथे यांपैकी काहीच कामाचे नाही. वरून कोरडी वाटणारी मिठाची खपली खाली ओल्या चिखलावर असते, आणि पहाटेच्या गोठणाने कडक झालेली जमीन दुपारी तशी राहत नाही. शिवाय हे २०२० पासून रामसर यादीतले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानलेले पाणथळ क्षेत्र आहे आणि क्रौंच पक्षी येथे जमिनीवरच घरटी करतात. आधीच उमटलेली वाट सोडून काठाकडे गाडी नेण्याचे कारण एकही नाही.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच पंप घेणार नाही. थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडता येणारा, निदान पाच मीटर नळीचा आणि आट्यांऐवजी खटक्याचे तोंड असलेला घेईन, त्यासाठी दुप्पट पैसे पडले तरी. ज्यांची गाडी लहान आहे आणि जे वर्षातून एकदाच अशा ठिकाणी जातात, त्यांना २,८०० चा हा पंप आणि वेगळे मापक एवढे पुरेसे आहे.