मेल्कचा मठ आणि डॅन्यूबची बोट: आधी ग्रंथालय, मग नदी

व्हिएन्नात मुलाकडे आलं की सगळे सांगतात, डॅन्यूब नदीकाठच्या क्रेम्स गावाहून बोटीनं मेल्कचा मठ बघायला जा. मी म्हणते, उलट करा: मेल्कला आगगाडीनं जा, येताना बोटीनं क्रेम्सला या. जाताना बोट प्रवाहाविरुद्ध चालते, 3 तास लागतात, येताना पावणेदोन. पहिल्या खेपेला आम्ही बोटीनं गेलो आणि मठ घाईघाईत उरकावा लागला. ती रुखरुख राहिली होती, म्हणून यंदा सून आणि मी सकाळच्या आगगाडीनं थेट मेल्क गाठलं.

मी सांगलीत 31 वर्षं ग्रंथपाल होते, त्यामुळे माझा जीव ग्रंथालयातच अडकला होता. बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे साधू इथे 1089 पासून आहेत. आजची पिवळी, बरोक म्हणजे भरपूर नक्षीकामाच्या शैलीतली इमारत 1702 ते 1736 मधली, आराखडा याकोब प्रांटाउअरचा. ग्रंथालयाच्या छतावर पॉल ट्रोगरची चित्रं आहेत, पण माझी नजर कपाटांवरून हलेना. खालपासून वरपर्यंत एकसारख्या तपकिरी चामड्याच्या, सोनेरी नक्षीच्या बांधण्या! एकूण संग्रह लाखाच्या घरातला. इथली गुटेनबर्ग बायबलची, म्हणजे युरोपात खिळे जुळवून छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकाची, प्रत मठाला 1926 मध्ये पैशांसाठी विकावी लागली. ती आता अमेरिकेत, येल विद्यापीठात आहे. हे आठवलं आणि माझ्या पोटात कालवलं. निदान ती जपली जातेय, एवढंच समाधान. सून दोनदा म्हणाली, "आई, चला ना, बोट चुकेल."

धक्क्यापर्यंत उताराची वाट आहे, गुडघे दुखत असतील तर वेळ हाताशी ठेवून निघा. बोटीत जागा राखीव नव्हती. वरच्या डेकवर आधीच गर्दी झालेली, आणि कोणत्या बाजूला बसावं हे विचारलं तर कर्मचाऱ्यानं नीट उत्तरही दिलं नाही, याचा राग आला. शाकाहारी म्हणून चीज-पाव तेवढा मिळाला. आमच्याकडे मेथीचे ठेपले होते म्हणून निभावलं.

पण नदी! दोन्ही तीरांवर पायऱ्या-पायऱ्यांचे द्राक्षमळे, मधूनच जर्दाळूच्या बागा. श्पिट्झ गाव मागे पडल्यावर पुढे ड्युर्नश्टाइन गावातल्या चर्चचा निळा-पांढरा मनोरा, वर डोंगरावर पडका किल्ला. इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या अखेरीस तिथे कैदेत होता. या टप्प्यात बोलणंच सुचलं नाही.

बोटी हिवाळ्यात बंद असतात, तेव्हा सहल उन्हाळ्यात ठरवा. क्रेम्सला उतरल्यावर जर्दाळूच्या जॅमच्या दोन बाटल्या घेतल्या, एक सांगलीच्या वाचनालयातल्या मैत्रिणींसाठी.