मायक्रोप्रोसेसर गुडघा : आठ महिने वापरून

उजवा पाय मांडीतून गेला. सात महिने साधा यांत्रिक गुडघा लावला, गेले आठ महिने हा, आत छोटा संगणक असलेला. भेटणारा प्रत्येक जण गुडघ्याबद्दलच विचारतो, म्हणून आधी तेच.

उतार दिसला की पूर्वी पोटात गोळा यायचा. हा गुडघा वजन पडलं की हळूहळू दबत जातो, त्यामुळे जिना एकाआड एक पाय टाकत उतरतो. चढताना मात्र त्याची काही मदत नाही. पाय उचलणारी मोटर आत नसते, नुसतं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. सेन्सर कोन आणि भार मोजतात, त्यानुसार झडप उघडते-मिटते. 1997 साली ऑटो बॉक या जर्मन कंपनीचा सी-लेग हा गुडघा आला तेव्हापासून तत्त्व हेच. तिसऱ्या महिन्यात सतरंजीच्या कडेला पाय अडकला. जुना गुडघा असता तर तोंडावरच आपटलो असतो. हा जागच्या जागी आवळला आणि मी उभाच राहिलो. चार्जिंग रोज रात्री. एकदा विसरलो, तर दुसऱ्या दिवशी ताठ पायानं घरी आलो.

पण गुडघा कितीही हुशार असला तरी तो लटकतो सॉकेटला, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते त्या कडक साच्याला, आणि माझं खरं भांडण तिथेच आहे. पहिल्या वर्षात स्टंप, म्हणजे उरलेली मांडी, बारीक होत जातो. माझं सॉकेट ढिलं पडलं, मांडीच्या आतल्या बाजूला कातडी सोलली. बनवणाऱ्याकडे तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा उत्तर एकच : 'सवय होईल.' सवय कसली! कृत्रिम पाय काढल्यावर कातडीवरचा लाल डाग पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही, तर सॉकेट चुकलंय, हे शेवटी फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. आता सैल जागा भरायला स्टंपवर सकाळी एक मोजा, दुपारनंतर दोन. मध्ये एकदा लायनर, म्हणजे कातडीलगतचं मऊ आवरण, उतरवून घाम पुसतो.

नसलेल्या पायाची बोटं रात्री पिळवटतात, ते वेगळंच. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात पुढे आणलेली आरशाची युक्ती मला लागू पडली : डावा पाय हलवायचा, आरशात उजवा हलताना बघायचा. माझ्याबरोबर व्यायामाला येणाऱ्या एकाला तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

हाडातच टायटॅनियमचा दांडा बसवून सॉकेटच काढून टाकायची शस्त्रक्रिया स्वीडनमध्ये 1990 पासून होते. मोह होतो. पण दांडा कातडीतून बाहेर येतो तिथे जंतुसंसर्गाची टांगती तलवार, म्हणून तूर्त नाही.

सध्या दुसरीकडे नव्या सॉकेटचं माप दिलंय. चाचणीचं सॉकेट पारदर्शक असतं. उभं राहिलं की कातडी कुठे दाबून पांढरी पडते ते दिसतं. काल दोन ठिकाणी पडली. तिथे पेननं खुणा करून घेतल्यात, पुढच्या आठवड्यात पुन्हा चालून बघायचंय.